वैजूच्या वाट्याचं सोनं

दसऱ्याच्या सकाळी टिपणीस सर चमकायला लागले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे चार सर झाले.

टिपणीस सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मुळातच अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे. आम्ही सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण बनवतो. ते फक्त अपायकारक जंतूंना जाऊन चिकटतात आणि तांबूस चमकतात. मग हिरवा दिवा लावला की जे जे चमकतं ते जळून जातं. पहिली खेप माझ्या धाकट्या बहिणीसाठी होती. वैजू शेजारच्या इस्पितळात होती. तिच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी पाय कापायचं ठरलं होतं. सरांना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी आपट्याच्या पानांऐवजी त्या कुप्या वाटल्या. "खरं सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणाले आणि पहिली कुपी स्वतःच्याच तळहातावर ओतली.

कण लगेच चिकटले. जंतू ओळखायचा पगार घेणाऱ्या एकाही शहाण्याला त्याचा अर्थ कळला नाही. "सरांचं तेज बघा," म्हणत त्यांनी शाल आणली. शाल पांघरताना सर मधोमध दुभंगले. दोघांनी एकमेकांना "आधी तुम्ही बसा" म्हटलं आणि दोघेही एकाच खुर्चीत बसले. लोकांनी दुसरी शाल मागवली.

मला किळस आली. उरलेली एकच कुपी उचलली, हिरवा हातदिवा खिशात टाकला आणि मी निघाले. इस्पितळाकडे जाणारा बोळ एव्हाना चाराचे आठ, आठाचे सोळा झालेल्या सरांनी भरला होता.

"मॅडम, नमस्कार न करताच?"

"बाजूला व्हा."

"बाजूलाही आम्हीच आहोत, मॅडम."

दोन्ही हातांनी त्यांना ढकलायचं म्हणून कुपी दातांत धरली. ढकलताना एकेकाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, चांगल्या निवडून. मधेच काच तडकली.

वैजूच्या खोलीत पोचले तेव्हा निम्मी कुपी उरली होती. ती मी जखमेवर ओतली. जखम काठोकाठ चमकली. सोनं बरोबर जागी बसलं होतं. मला रडू आलं.

"ताई, तुझी जीभ चमकतेय," वैजू म्हणाली.

"काहीतरीच."

त्या शब्दाचा तांबूस उजेड तिच्या चादरीवर पडला.

तोवर सर आत शिरून खाटेभोवती उभे राहिले होते. भिंतीपाशी सर, दारात सर. जायला वाट नव्हती आणि हिरवा दिवा लावला की त्याचा उजेड खोलीभर पडतो.

"मॅडम, प्रसंगाला साजेसे दोन शब्द बोला," सगळे एकदम म्हणाले.

"लाव ना दिवा, ताई," वैजू म्हणाली. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

माझा अंगठा दिव्याच्या बटणावर होता. मी तोंड मिटलं. उजेड ओठांच्या फटीतून बाहेर येतच राहिला.