रांगोळीतली बनुबाई

अकोले तालुक्यातल्या गावोगावी मुक्ताबाई बायकांना त्यांचंच शरीर शिकवत हिंडायच्या. मानधन नाही, पद नाही. घरचे म्हणायचे, हिला बाहेरचंच वेड. पद्धत साधी होती. एकीनं जमिनीवर उताणं झोपायचं, मुक्ताबाईंनी तिच्या कडेकडेनं रांगोळीची रेघ ओढायची, मग सगळ्यांनी मिळून त्या आकृतीत गर्भाची पिशवी कुठं, लघवीची कुठं ते भरायचं. बायका आधी लाजायच्या, मग हसायच्या, आणि मग कधी नव्हे ते बोलायच्या.

बनुबाई तर झोपल्या झोपल्या इतकी हसली की रेघ मोडली. ठेंगणी, तोंडाळ बाई. पुढं तिला अंगावरून पांढरं जायला लागलं, एका डॉक्टरनं अडगळ काढावी तशी तिची पिशवी काढून टाकली, आणि टाके सुकायच्या आत ती गेली.

तेव्हापासून मुक्ताबाईंच्या दारात रांगोळी नाही, सणालासुद्धा नाही. शिबिरात मात्र काढावीच लागे, आणि काढताना बनुबाईचं हसू अगदी कानाशी येई. त्यांना भीती वाटायची. पण काम सोडावं असं कधी वाटलं नाही.

परवा बनुबाईच्याच गावच्या समाजमंदिरात शिबिराला तिची लेक राजेश्वरी आली. तिलाही पांढरं जात होतं, तिलाही पिशवी काढायला सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी दाखल व्हायचं होतं. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव, म्हणून मुक्ताबाईंनी जीव तोडून सांगितलं. तिनं दाखल व्हायचा कागद घडी करून कमरेला खोचला. पण झोपायला कोण येतंय म्हटल्यावर तीच पुढं झाली.

मुक्ताबाईंनी रेघ धरली. कानाशी तेच हसू. हात आपोआप चालत गेला, रेघ जुळली, आणि बायका पुढं वाकून बघायला लागल्या.

राजेश्वरीनं मान उचलली. “मावशी, माजं पाय बाहेर राहिलं की.”

रांगोळी तिच्या पोटऱ्यांवरूनच आडवी गेली होती.  पुसायला मुक्ताबाईंचा हात पुढं होईना.

राजेश्वरी उठली आणि आकृतीकडं बघत राहिली. “ही तर आमची आय हाय, येवढीशीच हुती,” ती म्हणाली. “तिच्या संगं दवाखान्यात कोन गेल्तं?”

“कुणीच नाही गं.”

राजेश्वरी आईच्या रेघेला लागून उताणी झाली. पाय लांब केले.

“तिला पुसू नगा. माजी येगळी काढा, पुरी. आन उद्या तुमी संगं चला. पिशवी का काढायची, ते मला त्या डाक्टरच्या तोंडून ऐकायचंय. न्हाई पटलं, तर माघारी येऊ.”

मुक्ताबाईंनी तिच्या टाचेपासून सुरुवात केली.