विमानाचा कासरा

“सर, विमानाला कासरा असतो का?”

हे मी विचारलं. मी म्हणजे ईश्वरी, नांदूरघाटच्या शाळेतली, नववी ब. पण विचारायचं ठरवलं होतं शिवानीनं आणि आमच्या मागच्या दोन बाकांनी. केदारनाथ सर फळ्यावर अगदी सुरुवातीच्या काळातलं विमान काढत होते. लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, मधे माणूस उघड्यावर बसलेला. ते बघून शिवानी माझ्या कानात म्हणाली, “हे तर सत्यशीलाच्या बापाची बैलगाडीच की. विचार ना, कासरा असतो का म्हणून. दम हाय का?”

दम आहे का! गेल्या वर्षी दिवाळीत आप्पांनी मला सायकल घेऊन दिली तेव्हापासून माझ्यात दमच दम आहे. त्याआधी मी हजेरीला ‘हजर’सुद्धा बाकाकडं बघून म्हणायचे. मग एक दिवस घंटी वाजवत एकटी बाजारातून गेले, एसटीडीच्या पिवळ्या डब्यापाशी उभी पोरं बाजूला झाली, आणि मला कळलं की जगात वाट मिळते. फक्त घंटी वाजवावी लागते.

तर विचारलं. वर्ग फुटला. आदिनाथ तर बाकावर डोकं आपटून हसत होता. सर वळले, हातात खडू होता. आता हा खडू माझ्या कपाळावर येतो म्हणून मी डोळे बारीक केले.

“असतो,” सर म्हणाले.

आदिनाथनं बाकावरचं डोकं उचललं.

“कासराच असतो. दोरीऐवजी तार. हाकणाऱ्याच्या हातात एक दांडा, पायाखाली एक आडवी फळी. दांड्यापासून तारा पंखांना, फळीपासून तारा शेपटाला. हातापायांनी तारा ओढायच्या, विमान वळायचं. ईश्वरी, ये इकडं.”

सरांनी टेबलावरचा कपडा काढला. दोन कोपरे माझ्या हातात, दोन त्यांच्या. “हा पंख. तुझ्या बाजूचा मागचा कोपरा खाली घे. मी माझा वर घेतो.” कपडा मधून पिळला गेला. “ज्या बाजूची मागची कड खाली, ती बाजू वारा वर उचलतो. दुसरी खाली जाते. विमान कलतं. आख्खा पंख असा पिळायचे तेव्हा.”

मी कपडा धरून उभीच. सतरंजीची घडी घालताना मी आणि आई रोज पंख पिळतो आणि आम्हाला पत्ताच नाही!

त्या एका प्रश्नामुळं ठरलं की केजच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाला शाळेनं हेच न्यायचं. उडणारं नाही, वळणारं. जुना बाक म्हणजे बसायची जागा, कळकाच्या काठ्यांचे पंख, त्यावर मांजरपाटाचं कापड, आणि मागं शेपटाला एक उभं पान. त्याला सरांनी सुकाणू हा शब्द सांगितला. पान उजवीकडं वळलं की वारा त्यावर आदळून शेपूट डावीकडं ढकलतो, म्हणून विमानाचं तोंड उजवीकडं जातं. तारा सायकलच्या ब्रेकच्या. पंख आदिनाथनं बांधले, ते मात्र झकास.

“बाकावर बसून चालवायला एक जण आणि परीक्षकांना सांगायला एक जण,” सर म्हणाले. “एका शाळेतून दोघंच. आणि परीक्षक फक्त ‘काय’ विचारत नाहीत, ‘का’ विचारतात.”

मला दोन्ही व्हायचं होतं. पण त्यातल्या त्यात बाकावर बसायचं होतं. नुसतं डोळ्यापुढं आलं तरी बाकाखाली माझे पाय फळी रेटायला लागायचे.

मग सरांनी तारीख सांगितली आणि पाय थांबले. नेमका तोच दिवस. त्या दिवशी आम्ही घरचे सगळे मामाच्या जीपमधून कपिलधारला निघतो, मन्मथस्वामींच्या यात्रेला. माझ्या आप्पांचं नावच मन्मथप्पा. तिथं आमच्याकडून भात-आमटीचा प्रसाद असतो आणि पत्रावळ्या मांडायचं काम माझं. मी जन्मल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. मी कुणाला काही बोलले नाही. आधी निवड तर होऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी. सर मागं उभं राहून “उजवं!” “डावं!” ओरडणार, आणि बसणाऱ्यानं मागं न बघता पायानं फळी रेटायची. फळी मधोमध खिळ्यावर फिरती. मी पहिली बसले.

“उजवं!”

मी डावा पाय रेटला. मागं सगळे हसले. पान डावीकडं गेलं होतं.

“डावं!”

मी उजवा रेटला. परत हशा.

मी उठलेच. “सर, तुम्ही तारा उलट्या बांधल्यात!”

“पुस्तकात अशाच आहेत. उजवं टोक उजव्या बाजूला, डावं डाव्या बाजूला. सरळ.”

“मग पुस्तकवाल्यानं सायकल चालवली नसंल. सायकलला डावा हात पुढं गेला की चाक उजवीकडं जातं. तारा मधे फुलीसारख्या पाहिजेत.”

सर स्वतः बसले. आदिनाथ “उजवं!” म्हणून ओरडला. सरांनी डावा पाय रेटला. मग सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “मलाही जमत नाही बघ. मीसुद्धा सायकलवालाच.”

आदिनाथही चुकला. शिवानी चुकली आणि वर फळीवरून घसरली. मग सत्यशीला बसली. सत्यशीला म्हणजे शहादेवकाकांची मुलगी, वर्गात दिवसाला चार शब्द बोलते. “उजवं!” उजवा पाय. “डावं!” डावा पाय. सरांनी भराभर, उलटसुलट ओरडून बघितलं. एकदाही चुकली नाही.

“कसं काय जमलं गं?” सरांनी विचारलं.

“काय म्हाईत,” सत्यशीला म्हणाली आणि बाकावरून उतरली.

आदिनाथ पुढं झाला. “सर, सांगायला मी येतो. माझं पाठ हाय. सुकाणूच्या साहाय्याने विमानाची दिशा बदलता येते.”

“तारा फुलीसारख्या का नाहीत?”

“पुस्तकात न्हाईत म्हणून, सर.”

“उद्यापर्यंत जो मला याचं ‘का’ सांगेल तो केजला बोलेल,” सर म्हणाले. “आणि ईश्वरी, तुझ्या फुलीचं कारण जास्त पटलं, तर तशा बांधू.”

शाळा सुटल्यावर मी सायकल ढकलत सत्यशीलाच्या मागं लागले. “सांग ना गं, तुला कावून जमलं?”

“आगं, मला न्हाई सांगता येत.”

“मग करून दाखव!”

त्यांची बैलगाडी शेतातून रिकामी परत येत होती. शहादेवकाका वाटेत कुणाशी तरी बोलायला उतरले होते, त्यांनी ‘न्या घरी’ म्हणून हात केला. सत्यशीलानं माझी सायकल गाडीत टाकली, मला पुढं बसवलं आणि कासरे माझ्या हातात दिले. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर वाढलेली मी. बैलाचं शेपूट इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, आणि ते सारखं माझ्या तोंडाकडं येत होतं.

“उजवीकडं ने.”

मी डावा हात पुढं ढकलला, सायकलसारखा. बैल सरळ चालत राहिले. कासरा नुसता सैल झाला.

“ढकलून दोरी जातीय व्हय येडे!” सत्यशीला हसायला लागली. “दोरीला नुसतं ताणणं ठावं. ज्या अंगाचा कासरा ताणला, त्या अंगाला बैल जातो.”

“पण बाकावर तर पायानं ढकलायचं असतं.”

“पायानं ढकल न्हाईतर दातानं वड. बैलाला काय कळतंय, हात हाय का पाय? त्याला दोरी कळती.”

मी उजवा कासरा ताणला. दोन्ही बैल उजवीकडं वळले, मोठ्या दमानं, जसं काही त्यांच्याच मनात होतं. डावा ताणला, डावीकडं. मी ओरडलेच. हातातल्या दोरीतून मला बैलाची मान कळत होती! आणि एकदम डोक्यात आलं की फळीवरचा उजवा पाय पुढं गेला की कुठली तार ताणली जाते? उजवी!

त्या आनंदात मी उजवा कासरा जरा जास्तच ताणला आणि गाडी बाजारपेठेत शिरली.

आमच्या दुकानापुढं रुक्मिणीबाई चहापत्ती घेत होत्या. शाम्पूच्या पुड्यांच्या माळांमधून आप्पांचं तोंड बाहेर आलं.

“आप्पा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “दुकान सोडून आता हा धंदा काढला का वो?”

“ईश्वरे! खाली उतर आधी!”

“आप्पा, थांबवायचं अजून शिकवलं न्हाई!”

सगळी पेठ हसली. सत्यशीला मागं सायकलवर पडून हसत होती. शेवटी तिनंच हात घालून गाडी थांबवली, ती पार मारुतीच्या पारापाशी. मी मागं वळून बघितलं. आप्पा दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

सकाळी प्रार्थना झाली की मी सरांपुढं हजर.

“सर, तारा बरोबर आहेत. माझं डोकं उलटं बांधलं होतं.”

“सांग.”

“सायकलच्या हँडलला चाक थेट जोडलेलं असतं, मधे तार नसते. म्हणून हँडल जिकडं वळलं तिकडं चाक. इथं फळी कुठं वळली ते बघायचंच नाही. ताणली कुठली तार, ते बघायचं. उजवा पाय रेटला की उजवी तार ताणते, ती पानाला उजवीकडं वळवते, तोंड उजवीकडं. पाय आणि दिशा एकाच बाजूला. वर उघड्यावर, वाऱ्यात, घाबरलेल्या माणसाला आणखी विचार करायला लागू नये. फुली मारली तर दर वेळी मनात उलटं करून घ्यावं लागेल.”

“पण तुला सायकलमुळं फुलीच सोपी वाटत होती की.”

“ती सायकलची सवय, सर. सवय एका संध्याकाळीत बदलते. माझी बदलली.”

मी बाकावर बसून दाखवलं. सुरुवातीला एकदा चुकले, मग चुकले नाही. मग सत्यशीला बसली आणि डोळे मिटून चालवलं. डोळे मिटून! हातातला दांडाही सोबत कलवत होती, उजवीकडं वळताना उजवा पंख खाली. कुणी सांगितलंही नव्हतं.

सरांनी वहीत नावं लिहिली. “चालवायला सत्यशीला. सांगायला ईश्वरी. आदिनाथ, पंख तुझे आहेत, ते मोडू न देता केजपर्यंत तुमच्या ट्रॅक्टरवर तूच पोचवायचे.”

“ट्रॅक्टर मी चालवू, सर?”

“तू पंख धरून बसायचं.”

खरं सांगते, मला थोडं लागलं. बाक माझा व्हावा असं वाटत होतं. पण सत्यशीलाचे पाय त्या फळीवर असे पडत होते की मला त्या जागी दुसरं कुणी बघवलंच नसतं, मी स्वतःसुद्धा. आणि बोलायचं म्हणाल तर सायकल आल्यापासून मला कुणी सांगावं लागत नाही.

दुपारी सत्यशीला माझा डबा संपवता संपवता म्हणाली, “आई म्हणली, ईश्वरी आसंल तर जा. एकलीला धाडत न्हाई.”

“आणि मी नसले तर?”

“तर न्हाई.” आणि तिनं शेंगादाण्याच्या चटणीत बोट फिरवलं, जसं काही त्यात विशेष नाही. पण मग म्हणाली, “मी केज फकस्त येष्टीच्या खिडकीतनं बघितलंय.”

घरी आले तर ओसरीत यात्रेची तयारी मांडलेली. आप्पा दुकानातून तुरीची डाळ आणून तोलून पिशव्यांत भरत होते. आई मोठी पातेली राखेनं घासून पालथी घालत होती. घासलेलं पितळ इतकं चकाकत होतं की आईचे दोन्ही गाल त्यात पिवळे दिसत होते.

“आले गाडीवान,” आप्पा म्हणाले. “शेजारची भिवराबाई सांगत होती दुकानात, पोरगी गाडी बरी हाकते म्हणून. पुढच्या वर्षी जीप नको, हिलाच जुंपू कपिलधारपर्यंत.”

“जुंपतात बैल, आप्पा. मी हाकीन.”

आई खळखळून हसली. “त्या पत्रावळ्यांचे गठ्ठे मोजून ठेव गं. यंदा तुझी मावशी पण येतीया, दोघी मिळून मांडा. मागच्या वर्षी तू एकलीनं किती पळापळ केली.”

मला ती पळापळ आवडते. ओळीनं बसलेली माणसं, वाफाळता भात, “ए पोरी, इकडं पान दे” अशा हाका. कुणी मला कपिलधारला ओढून नेत नाही, मी उड्या मारत जाते. म्हणूनच दोन दिवस हे तोंडातून निघत नव्हतं. आप्पांनी तराजू उचलला, पारड्यात डाळ पडायचा आवाज झाला, आणि मला दिसला तो केजच्या शाळेतला रिकामा बाक, मागं सुंदर पंख, आणि कुणी नाही.

मी दप्तर खाली ठेवलं. खाली न बघता, दोघांकडं बघत, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“आई, आप्पा, मावशी येतीया ते लई बरं झालं. पत्रावळ्या यंदा ती मांडील. मी कपिलधारला येणार न्हाई. मी सत्यशीलाला घेऊन केजला जाणार हाय.”