साहेबाला ‘नाही’ म्हणायचा दिवस

यानिरा पेरूहून कोलोरॅडोला आली ती सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर. आमच्या हॉटेलच्या धुलाईघरात संस्कृती म्हणजे चादरी. आल्यापासून पोरगी बर्फाच्या डोंगराकडे पाठ करून घड्या घालत होती. साहेब ग्लेन रोज विचारायचा, “आज जादा वेळ थांबशील का?” आणि ही म्हणायची, “हो साहेब.”

आमच्या पेरूत साहेबाला नाही म्हणत नाहीत. इथला साहेब मात्र खरंच विचारत असतो. मी तिला कितीदा समजावलं.

“काका, तुमचं काय जातंय सांगायला? त्यांना वाईट वाटलं तर?”

नव्या कामगारांना बर्फावर घसरायला फुकट शिकवतात. त्याचा शेवटचा वर्ग अठ्ठावीस डिसेंबरच्या दुपारी. समुद्रकाठची पोर, बर्फावर एकदा उभी राहीन म्हणून झुरत होती. आणि अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे आमच्याकडे थापा मारायचा दिवस. कुणालाही बिनधास्त गंडवा, त्याने रागवायचं नाही.

मला दुसरं काय हवं?

“यानिरा, साहेबाची फिरकी घेऊ या. त्याने विचारलं की म्हणायचं, आज नाही जमणार. मग तोंड बघ त्याचं. नंतर सांगू गंमत केली म्हणून.”

“चालेल ना काका?”

“आज सगळं चालतं गं.”

ग्लेन आला, त्याने विचारलं. पोरीने हसू दाबत सांगितलं, “आज नाही जमणार, साहेब.”

“बरं. मजा कर,” म्हणून तो गेलासुद्धा.

ती आ वासून उभी. “काका, ते चिडलेच नाहीत. आता गंमत होती हे कधी सांगू?”

“उद्या. पळ, वर्ग सुरू होईल.”

मग तिची ट्यूब पेटली. “काका, तुम्ही मलाच बनवलंत,” म्हणत तिने मला घट्ट मिठी मारली आणि एप्रनसकट पळाली.

माझीही कामाची पाळी संपली होती. शीळ घालत कोट चढवला, तर दारात ग्लेन.

“एउसेबिओ, यानिरा नाहीये. तू थांबशील का?”

वीस वर्षं झाली मला या देशात.

“हो साहेब,” मी म्हणालो.

खिडकीतून उतार दिसत होता. यानिराची लाल टोपी उठायची, आपटायची, परत उठायची. देवाचे आभार मानत मी तिच्या चादरी घडी करत होतो. तेवढ्यात ग्लेन माझ्यासाठी कॉफी घेऊन आला आणि शेजारी उभा राहून बघायला लागला.

“आपली यानिरा ना ती? काय शिकतेय?”

“पडायला, साहेब. छान जमतंय तिला.”