गुळवेलीचं पाणी

सुट्टीत पुण्याहून जुन्नरला आलेल्या अफिफाला कपाटात अब्बांच्या मधुमेहाच्या गोळ्या दिसल्या. पाकिटं भरलेली, एकही गोळी काढलेली नव्हती.

तिने विचारलं, तर तिचे अब्बा नवाबभाई हसले. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला लेकीचा भारी अभिमान. अफिफा सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. गुळवेलीसारख्या औषधी वनस्पतींवरचे काही उपकारक जिवाणू रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला मदत करतील का, हे तिच्या प्रयोगशाळेत तपासलं जात होतं. तिनेच ते फोनवर उत्साहाने सांगितलं होतं. अब्बांनी त्यातलं 'का' तेवढं सोडून दिलं. घाटघरहून गुळवेल मागवली, बरणीत आंबवली आणि रोज पेलाभर पाणी घेऊन गोळ्या बंद केल्या.

"लई हलकं वाटतंय," ते म्हणाले. "शेजारच्या सुमतीबाईंनाबी दिलं. त्यांनी तर इन्सुलिनच सोडलं."

अफिफा तशीच शेजारी धावली. किराणा दुकानामागच्या खोलीत सुमतीबाई पडून होत्या. सून नीलम काळजीत होती. सासूबाई कालपासून सारखं पाणी मागत होत्या, उलट्या होत होत्या, पित्त असेल असं घरच्यांना वाटलं होतं. अफिफाने हाक मारली. सुमतीबाईंनी डोळे उघडले, पण त्यांना बोलता येईना. श्वास जोरात चालला होता. घरातल्या मीटरवर रक्ताचा थेंब लावला, तर आकडाच येईना. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली होती.

रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं. नवाबभाई बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडलं की उठून उभे राहायचे, पण आत काय झालं हे विचारायचा धीर होईना.

"माझ्या लेकीचा शोध म्हणून दिलं मी," ते पुटपुटले.

"अब्बा, शोध अजून लागलेलाच नाही. आम्ही एकेक जिवाणू वेगळा करून काचेच्या बशीत तपासतोय. माणसांवरच्या चाचण्या फार लांब आहेत. तुमच्या बरणीत काय वाढलं, कुणाला ठाऊक? आणि उद्या खरंच उपयोग झाला, तरी इन्सुलिन कमी करायचं का, ते डॉक्टरच ठरवतील." ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली. "मीही फोनवर अर्धवटच सांगितलं."

रात्रभर सलाइन आणि इन्सुलिन दिल्यावर दुसऱ्या दिवशी सुमतीबाई पूर्ण शुद्धीवर आल्या. नवाबभाई हात जोडून खाटेशी उभे राहिले.

"तुम्ही चांगल्या मनानंच दिलं, नवाबभाई," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"चांगल्या मनानं दिलं म्हणून काय झालं? जीव गेला असता तुमचा."

नवाबभाईंनी तिथेच स्वतःची साखर तपासून घेतली. तीही बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या आठवड्यात राजुरीची एक बाई त्या पाण्याचं नाव ऐकून दुकानात आली. नवाबभाईंनी तिला बसवून घेतलं, झालेलं सगळं सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

वाचकहो, संशोधनाची आशा जरूर बाळगावी. पण ती सिद्ध होईपर्यंत तिला औषध समजू नये. आपण प्रेमाने दिलेला सल्लासुद्धा शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो!