पाहुणीला सांगायच्या गोष्टी

"तिला सांग, डोक्यावरून मेल्हफा घसरला तर लाजून मरायचं नाही. वर ओढायचा आणि चालू लागायचं. आमचाही घसरतो."

तेकबेर बोलली पाहुणीशी, पण बघत होती चहादाणीकडं. तिच्या लेकीनं, झैनबूनं, ते फ्रेंचमध्ये सांगितलं. ओडील हसली. बेल्जियमच्या कुठल्याशा शाळेतली पन्नाशीची मास्तरीण ती. अंगाभोवती गुंडाळलेलं ते लांबलचक निळं कापड तिनं पुन्हा एकदा सावरलं आणि पुन्हा एकदा चुकीच्या खांद्यावर टाकलं.

"आणि तिला सांग, वाटेत गाडी बिघडली तर गाडी सोडून जायचं नाही. वाळूत माणूस सापडत नाही, गाडी सापडते."

तंबूबाहेर सिदाती गाडीच्या टपावर सामान बांधत होता. तेकबेरच्या बहिणीचा मुलगा. ओडीलला राजधानीच्या विमानतळावर सोडायचं होतं. झैनबूलाही त्याच गाडीतून जायचं होतं, पण तिला आणखी पुढं, समुद्राकाठच्या नुआधिबूच्या बंदरात. तिथं मासळीच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं.

हे तिनं सांगितलं त्या दिवसापासून तेकबेर लेकीशी बोलली नव्हती. उंटाच्या दुधावर पोसलेलं घराणं. मासा कुणी दारात आणला नव्हता, आणि ही तिकडं जाऊन त्याची आतडी काढणार! पण पाहुणीशी बोलायचं तर मध्ये लेकच लागायची. त्यामुळं 'तिला सांग' एवढे दोनच शब्द मायलेकींत उरले होते.

तसं पाहिलं तर झैनबूचं चुकत नव्हतं, आणि तेकबेरला ते ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त. एके काळी हिवाळ्यात तिचे तिन्ही तंबू भरलेले असायचे. वाळवंट बघायला एकट्यादुकट्या परदेशी बाया लांबून लांबून यायच्या, पहिल्या दिवशी घाबरलेल्या. तेकबेर त्यांना दूध पाजायची आणि कसं वागायचं ते सांगायची. दोन नवरे येऊन गेले, तंबू तिच्याच नावावर राहिले. मग त्या बायांच्या सरकारांनी 'इथं जाणं धोक्याचं' म्हणत नकाशावर हा मुलूख तांबडा रंगवला. जे काही घडलं ते कुठंतरी लांब घडलं होतं, पण रंग ओघळत इथपर्यंत आला. यंदा आली ती ही एकटी ओडील. एका पाहुणीवर घर चालत नाही, हे वाळूलाही कळतं.

"मावशी," सिदाती तंबूत डोकावला, "तुझा चहा होईतो माझी दाढी पिकेल."

"पिकू दे. तेवढ्यानं तरी लोक तुला शहाणा म्हणतील."

"उजेडात पोचायला हवं गं."

"मग जोरात हाक. माझे कोळसे नकोस फुंकू." तिनं उंचावरून पेल्यात चहाची धार सोडली, पेल्यातून पेल्यात, फेस येईतो. पहिला झाला होता. हा तीनांतला दुसरा. आज तिचा हात मुद्दामच संथ चालला होता.

"तिला सांग, कुणी विचारलं तर म्हणायचं, नवरा पुढं वाट बघतोय. किती पुढं ते सांगायचं नाही."

"ती म्हणते, मला नवराच नाही."

"मग तर सोपंच. हवा तेवढा धिप्पाड सांग म्हणावं."

ओडील खळखळून हसली. झैनबूही हसली, आणि आईकडं बघून गप्प झाली. तेकबेरनं कोळसे उकरले.

"तिला सांग, खोली भाड्यानं घेताना आधी बघायचं, घरात कुणी बाई राहते का. बाईचा आवाज नसलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही."

ओडीलनं भुवया उंचावल्या. "ती म्हणते," झैनबू हळूच म्हणाली, "मला कशाला खोली? मी उद्या विमानात असेन."

"असू दे. ऐकून ठेवायला काय जातं? आणि दिवेलागणीला समुद्राकडं एकटीनं जायचं नाही. कामावरून सुटल्यावर चौघीजणींनी मिळून परतायचं. मुकादम गोड बोलायला लागला की आवाज चढवायचा. आपल्या घराण्यात आवाजाला कमी नाही."

झैनबूनं हे सांगितलंच नाही. तिची मान खाली होती. ओडील एकदा आईकडं, एकदा लेकीकडं बघू लागली आणि काय समजायचं ते समजून पेल्यात नाक खुपसून बसली.

"खाऱ्या पाण्यानं हात फाटतात," तेकबेर म्हणाली. आवाज तसाच, करडा. "झोपताना तूप चोळायचं. डबा निळ्या पिशवीत आहे, तळाशी. तिला सांग."

बाहेर दोरी आवळताना सिदाती कण्हत होता.

"ओडील म्हणते," झैनबू खाली मान घालूनच म्हणाली, "ओडील म्हणते, ती दर शुक्रवारी फोन करेल."

ओडीलनं तोंड उघडलं नव्हतं.

तेकबेरनं चहादाणीचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत ठेवलं. इथं फोन लागायचा तो फक्त मागच्या टेकडीवर. तिच्या गुडघ्यांनी ती टेकडी कधीच सोडली होती. कुणाचा फोन आला तर सिदातीची पोरं धावत जायची आणि निरोप अर्धा विसरून यायची.

"तिला सांग," ती म्हणाली, "शुक्रवारी मी टेकडीवर असेन. सकाळीच जाऊन बसेन. पण उशीर करायचा नाही म्हणावं, मला ऊन सोसत नाही."

"सांगते," झैनबू म्हणाली.

सिदातीनं भोंगा वाजवला. तिसरा चहा अजून निखाऱ्यावर होता. ओडीलनं तेकबेरचे दोन्ही हात धरले, काहीतरी लांबलचक बोलली. तेकबेरनं अर्थ विचारला नाही. ओडील गाडीकडं गेली. तिसरा न घेता घरातून उठायचं म्हणजे भांडून उठायचं, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. झैनबू दारात घुटमळली, पण आईनं वर पाहिलं नाही, म्हणून निघाली.

तेकबेर कुणासाठी उठणाऱ्यातली नव्हती. मोठमोठे लोक तिच्यापुढं वाकून पेला घेऊन गेले होते. आज तिनं साखर जास्त टाकली, चहा ओतला आणि तंबूच्या खांबाला धरून उभी राहिली. गरम काच बोटांत धरून, गुडघा ओढत ती गाडीपर्यंत गेली आणि खिडकीतून पेला आत धरला.

"घे," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच आहे."

झैनबूनं दोन्ही हातांनी घेतला. चटका बसला तरी खाली ठेवला नाही. सिदाती पुटपुटला आणि गाडी हलली. पेला परत द्यायला वेळ झाला नाही. तेकबेरनं मागितलाही नाही.

धूळ बसल्यावर ती आत आली. उरलेले पेले तिनं विसळले, पुसले आणि ताटात पालथे घातले. एकाची जागा मोकळी राहिली. बाकीचे सरकवून ती भरून काढता आली असती. तिनं ती तशीच ठेवली आणि कोळशांवर राख ओढली.