राहीआजीची नवमी

शिवांजलीचा नवरा कृष्णात फौजेत. त्याची बदली पोर्ट ब्लेअरला झाली, तेव्हा सासूनं, बनुबाईनं, शेंगदाण्याच्या चटणीसोबत सुनेला एक कामही बांधून दिलं. घरातला खापरपणजा जोतीराम तिकडंच काळ्या पाण्यावर गेला होता. तो कधी मेला, तेवढं बघून ये.

भावजयीच्या पदराला हात घालणाऱ्या शिपायाला जोतीरामनं कुऱ्हाडीनं तोडलं होतं. जन्मठेप झाली. जहाज हललं आणि इकडं भावकीनं त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळला. त्याच्या बायकोला, राहीला, कुंकू पुसायला सांगितलं. तिनं पुसलं नाही. पुढं प्लेगात जाईपर्यंत कपाळ भरलेलंच राहिलं. जात्यावर बसली की म्हणायची:

समिंदर किती मोठा, मी गं उंबऱ्यातून मापी
माझ्या कुंकवाची चिरी, कोण पुसंल गं पापी

ही ओवी बनुबाईला तिच्या सासूनं दिली. भावकीनं मात्र राहीला विधवांतच धरलं. पितृपंधरवड्यातली अहेव नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. राहीच्या वाट्याला ती कधी आली नाही. जोतीराम तिच्यानंतर मेला असं कळलं, तर यंदा तिची नवमी घालायची, एवढाच बनुबाईचा हट्ट.

शिवांजलीनं तिथल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. उत्तर मिळालं ते उलटं. बेटावर उतरला त्याच पावसाळ्यात जोतीराम तापानं गेला होता.

नवमीच्या आदल्या दिवशी ती कडेगावजवळच्या घरी आली आणि होतं ते सांगून टाकलं. बनुबाईचे दीर नानासो, भावकीतले थोरले, सोप्यात बसले होते. मिटलं एकदाचं, म्हणाले. मेलेल्याचं कुंकू मिरवलं बाईनं जन्मभर.

बनुबाई डाळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"आवं भावजी, तुमच्या वाडवडलांनी जिता माणूस जाळला. तो मेला का जगला, त्यास्नी तरी कुठं ठावं हुतं? आन् तिचं कुंकू त्याच्या श्वासावर न्हवतं. तिच्या हट्टावर हुतं. नवमी हुणार."

नानासोंनी गल्लीत निरोप फिरवला. दुसऱ्या दिवशी पुरण शिजलं, पण सांगितलेली एकही सवाष्ण फिरकली नाही. मग बनुबाईनं सुनेलाच पाटावर बसायला सांगितलं. शिवांजली हलली नाही. तिनं सासूचाच हात धरला.

"मी कशी बसू, आत्याबाई? माझा नवरा सांजच्याला फोन करतोय. राहीआजीगत नवऱ्यामागं उरलेल्या ह्या घरात तुमीच. बसा."

कृष्णातचे वडील गेल्यापासून बनुबाईचं कपाळ कोरं होतं. पायंडा पडेल, नानासो दारातून म्हणाले.

"पडू द्या की," म्हणत ती पाटावर बसली.

शिवांजलीनं कुंकवाचा करंडा उघडला. बनुबाईनं करंडा ओढून घेतला आणि आपल्याच बोटानं लावलं. ओटीत खण, नारळ, तांदूळ पडले. नानासो न जेवता निघाले; त्यांना कुणी थांबवलं नाही.

शेजारची शालूबाई मघापासून उंबऱ्याबाहेर उभी होती. तिचाही नवरा गेलेला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "बनुबाय, म्हातारपणी लय नटलीस गं."

बनुबाईनं राहीच्या नावाचा घास बाजूला काढला आणि पोळी मोडली.

"लांबनं काय बोलतीस? आत ये. शिवा, आणिक एक ताट वाढ."