बाबांचा एकच शब्द

मोबाइल दुरुस्तीवाल्याने बोटभर लांबीचा अडॅप्टर तिच्या फोनच्या चार्जिंगच्या जागेत खुपसला आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन लावली.

“ते बिनवायरीचं ब्लूटूथ आवाज दाबून पोचवतं, ताई. यात सगळं उघडं पडतं. आणि सेटिंगमधला साउंड इफेक्ट बंद ठेवा, गाणं उगाच फुगतं त्याने.”

“गाणी नाही ऐकायचीत. वडिलांचं बोलणं ऐकायचंय.”

 त्याने वायर नीट गुंडाळून दिली.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून ती घरीच होती. जमीन मोजणी कार्यालयात ती नकाशे काढायची; तिथली रजा महिनाअखेर संपणार होती आणि साहेबांना हो किंवा नाही, एकच उत्तर हवं होतं. दर रविवारी दादाचा फोन यायचा. “तुझ्याशिवाय त्यांचं बोलणं कुणाला कळतंय?” तो म्हणायचा, आणि विषय तिथेच मिटायचा.

मंगळवारी बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. बाबांचं बोलणं रोज दहा मिनिटं रेकॉर्ड करा, कळेल तो शब्द लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं. तिच्या वहीत आठवडाभर एकच शब्द होता. पाणी. चादर बदलताना, ऑफिसचा फोन आला की, ती खिडकीशी नुसती उभी असली तरी बाबा तेच म्हणायचे. ती पेला आणायची. ते दोन घोट घ्यायचे आणि डोळे मिटायचे.

दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर ती ओट्याशी स्टूल ओढून बसली. हेडफोन चढवला. पलंगाची कुरकुर, उशीवर घासणारं डोकं, उचलता न येणारी जीभ, सगळं अगदी जवळ आलं. मग तो शब्द. तिने तो मागे नेऊन पुन्हा ऐकला. सुरुवातीला ‘प’ नव्हताच. शेवटी घशात काहीतरी अडकत होतं, ते तिला इतके दिवस नुसती धाप वाटलं होतं.

तिने हलकेच तसंच म्हणून पाहिलं. नि… घ. पाणी नव्हे, निघ. जा म्हणत होते ते.

सातही दिवसांचं तिने ऐकलं. प्रत्येक वेळी त्या शब्दाच्या शेवटावर तिचाच आवाज चढत होता. “हो हो, आणते.”

ती खोलीत गेली तेव्हा बाबा जागे होते.

“बाबा, मी गेले तर तुमचं कोण बघणार?”

त्यांनी चांगला हात उचलला, तिच्या मनगटावर ठेवला आणि तिला दाराकडे ढकललं. त्या हातात फारसा जोर नव्हता. ती जागची हलली नाही.

मंगळवारी बाई आल्या. बाबांना बसतं करून त्यांनी विचारलं, “काय आजोबा, काय म्हणता?”

बाबांनी तिच्याकडे बघत तो शब्द उच्चारला, एरवीपेक्षा सावकाश.

“काय म्हणाले?” बाईंनी तिला विचारलं.

ती चादरीची घडी सारखी करत राहिली.

“पाणी,” ती म्हणाली.

“अरे वा. म्हणजे एक शब्द पक्का झाला.” बाईंनी तो लिहून घेतला आणि स्वतःच उठून पेला त्यांच्या तोंडाशी नेला.

बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.